अम्मीच्या गोष्टीचा शेवट

मेहजबीन नववीत असताना शाळेच्या वाचनालयातून एक पुस्तक घेऊन आली आणि ते परत करायचं नाव घेईना. ‘बेडकाचं माहेर’ असं त्याचं नाव. बेडकाचा राजपुत्र होतो ही गोष्ट कोणालाही ठाऊक असते, पण इथे ती बेडकाच्या आईच्या बाजूनं लिहिली होती. विहिरीच्या तळाशी राहणारी म्हातारी बेडकीण. तिचा मुलगा एके दिवशी माणूस होऊन राजवाड्यात निघून जातो, आणि पुढे कधी विहिरीवर आलाच तर त्याला आईचं बोलणं कळत नाही, नुसतं डरांव-डरांव ऐकू येतं. मेहजबीननं ते घराच्या जिन्यात बसून वाचलं आणि संपल्यावर पहिल्या पानापासून पुन्हा सुरू केलं.

लेखिकेचं नाव प्रेमला हरपळे. मूळच्या हडपसरच्याच, गाव शहरात जिरण्याआधीच्या शेतकरी घरातल्या. पुढे वारजेला राहायला गेलेल्या. माहितीच्या परीकथा नि लोककथा घ्यायच्या आणि त्या वेगळ्या बाजूनं, कादंबरीभर ऐसपैस सांगायच्या, हे त्यांचं काम. त्यांची पुस्तकं फार खपायची नाहीत, पण ज्यांना आवडायची त्यांना दुसरं काही गोड लागायचं नाही. मेहजबीन त्यातली एक आणि तिच्या बाकावर बसणारी राजनंदिनी दुसरी. ‘जागी’ या कादंबरीत अख्खं नगर शंभर वर्षांसाठी झोपी जातं, पण राजवाड्यातली एक मोलकरीण त्या दिवशी मीठ आणायला वेशीबाहेर गेलेली असते. ती तेवढी जागी राहते आणि आयुष्यभर झोपलेल्यांच्या अंगावरची धूळ पुसत म्हातारी होते. हे पुस्तक दोघींनी मिळून वाचलं. एकीनं मोठ्यानं वाचायचं, दुसरीनं ऐकायचं, असं.

पुढे राजनंदिनी लग्न होऊन लोणी काळभोरला गेली आणि तिथल्याच एका कॉलेजात शिकवू लागली. मेहजबीननं लग्न केलं नाही. ती हडपसरच्या एका डेंटल लॅबमध्ये दातांच्या कवळ्या नि टोप्या बनवायचं काम करते. वडील, मैनुद्दीन, यांचं गाडीतळाजवळ गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान होतं. ते वारल्यावर दुकान भाड्यानं दिलं आणि वरच्या दोन खोल्यांत मेहजबीन आणि तिची आई सितारा अशा दोघीच राहिल्या. मैत्री मात्र टिकली, ती पुस्तकांमुळेच. अशा अद्भुत कादंबऱ्या वाचणाऱ्यांचा पुण्यात एक ग्रुप आहे, ‘पुन्हा आटपाट’ नावाचा. महिन्यातून एकदा ही मंडळी एखाद्या बागेत जमतात. नवीन येणाऱ्यानं आपला आवडता लेखक सांगायचा, अशी तिथे रीत आहे. कोणी ड्रॅगनवाल्या परदेशी लेखकांची नावं घेतं, कोणी जपानी. मेहजबीननंही ते सगळं वाचलं होतं, इंग्रजीसकट. पण तिचं उत्तर शाळेत होतं तेच राहिलं. एकदा कोणीतरी तिला थट्टेनं विचारलं की या बाईंनी तुला काय दिलंय एवढं. ती म्हणाली, मला मराठी दिलीय. ते खरंच होतं. घरात ते सगळे दखनी उर्दू बोलायचे. मेहजबीनला मनातलं मराठीत मांडता येऊ लागलं ते या पुस्तकांमुळे, आणि ती मांडायला लागली की वाक्यं आपसूक प्रेमलाताईंच्या वळणावर जायची.

मात्र सगळ्यात पहिली गोष्ट तिनं पुस्तकात वाचली नव्हती, अम्मीकडून ऐकली होती. सितारा सातवीपर्यंत शिकलेली, कमी बोलणारी बाई. तिच्याकडे गोष्ट अशी एकच होती, आणि तीच ती दर थोड्या दिवसांनी सांगायची.

एका गावातला विस्तव विझतो. कोणाच्याच चुलीत निखारा उरत नाही. गावाबाहेर एक राक्षसीण राहते, तिच्याकडे तेवढा विस्तव असतो. एका घरातली धाकटी पोर म्हणते, मी आणते. ती जाते, राक्षसिणीचे केस विंचरून देते, तिच्या पाठीचे काटे काढते, आणि बक्षीस म्हणून ओंजळभर विस्तव घेऊन निघते. इथवर ही गोष्ट बऱ्याच जणांना ऐकल्यासारखी वाटेल. पण सिताराच्या गोष्टीत परतीच्या वाटेवर प्रत्येक घरची बाई पोरीला थांबवते, थोडा आम्हाला दे म्हणते, आणि पोर देत जाते. स्वतःच्या उंबऱ्यावर पोचते तेव्हा ओंजळ रिकामी झालेली असते. मग ती आईला म्हणते, थांब अम्मी, मीच आहे. आणि ती स्वतःच ज्योत होऊन कोनाड्यात बसते. घर उजळतं. आई हात मागे बांधून तिला रोज बघते, तिच्याशी बोलते. पण हात लावायचा नाही, हात लावला की ती विझेल. मोठी बहीण वाढते, शाळेत जाते, उंच होते. धाकटी चार वर्षांचीच राहते. गोष्टीत त्या पोरीचं नाव मिसबा. मिसबा म्हणजे दिवा.

मिसबा ही मेहजबीनची धाकटी बहीण. ती चार वर्षांची होती तेव्हा सितारा बाहेर नळावर पाणी भरत होती आणि घरात पंपाचा स्टो भडकला. पोरीचा फ्रॉक नायलॉनचा होता. दवाखान्यात तिला जाळीच्या पिंजऱ्यासारख्या झाकणाखाली ठेवलं होतं आणि डॉक्टरांनी सिताराला सांगितलं होतं की हात लावू नका, जंतू जातील, पोरीला धोका आहे. मिसबा शुद्धीत होती. अम्मी, घे ना, असं म्हणत होती. सितारानं तिला घेतलं नाही. ती हात मागे बांधून पलंगाशी उभी राहिली, आणि पोर गेली. नातेवाइकांना नि शेजाऱ्यांना पुढे तापानं गेली असंच सांगितलं गेलं, कारण स्टो पेटता ठेवून बाई बाहेर गेली होती ही गोष्ट मैनुद्दीनला कोणाच्या तोंडी येऊ द्यायची नव्हती. मेहजबीन तेव्हा सात वर्षांची. बहीण कुठे गेली असं ती विचारत राहायची. मग एके दिवशी सितारानं तिला ही गोष्ट सांगितली. मोठी झाल्यावर मेहजबीनला सगळं कळलं, पण त्यावर मायलेकी कधीच बोलल्या नाहीत. गोष्ट तेवढी चालू राहिली.

काही वर्षांपूर्वी प्रेमलाताईंनी टिळक रस्त्याजवळच्या एका सभागृहात दोन दिवसांची कार्यशाळा घेतली, लोककथा नव्यानं कशी लिहावी याची. मेहजबीननं लॅबमधून रजा काढली. आवडत्या लेखिकेला ती पहिल्यांदाच जवळून बघत होती. पांढरे आखूड केस, सुती साडी, बोलणं तुटक नि नेमकं. दुसऱ्या दिवशी प्रत्येकानं घरात ऐकलेली एक गोष्ट सांगायची होती. मेहजबीनला दुसरीच एखादी सांगायची होती, पण तिची पाळी आली आणि तोंडून मिसबाचीच निघाली. ती संपली. प्रेमलाताईंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या की विस्तव आणायला गेलेल्या पोरीच्या गोष्टी त्यांनी गावोगावच्या ऐकल्यात, पण असा शेवट कुठेच नाही. ही कुणाकडून ऐकलीस, असं त्यांनी विचारलं. अम्मीकडून, मेहजबीन म्हणाली. आणि त्यांनी कुणाकडून ऐकली? यावर खरं उत्तर देणं तिला त्या पंधरा-वीस अनोळखी माणसांपुढे शक्यच नव्हतं. त्यांच्या आईकडून असेल, असं ती म्हणाली. प्रेमलाताईंनी मान हलवली. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मुद्दाम तिला शेजारी बसवून घेतलं. तो दिवस मेहजबीनला पुढे कितीतरी महिने पुरला.

त्यानंतर दोनएक वर्षांनी त्यांची नवी कादंबरी आली, ‘कोनाड्यातली पोर’. पुस्तक यायच्या आधी तिचं ऑडिओ आलं. मेहजबीन त्या रविवारी जादा कामासाठी लॅबमध्ये गेलेली असताना राजनंदिनी लोणीहून आली आणि तिनं सिताराच्या फोनवर ते लावून दिलं. लहानपणी तिनंही ही गोष्ट सिताराच्या मांडीशी बसून ऐकली होती. पहिली दोन प्रकरणं ऐकूनच ती हरखली होती. अम्मी, तुमची गोष्ट पुस्तकात आलीय, असं सांगून, ऑडिओ पुढे कसं ऐकायचं ते शिकवून ती गेली.

संध्याकाळी मेहजबीन घरी आली तेव्हा सिताराचा चेहरा तिनं कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता इतका मोकळा होता. पोरीचं नाव बदललंय, सितारा म्हणाली, पणती ठेवलंय. पण तीच आहे. राक्षसिणीच्या पाठीचे काटेसुद्धा आहेत. ती बाई किती छान वाचते, तिनं सांगितलं. मेहजबीनला आत कुठेतरी टोचलं. मला एका शब्दानं विचारलं नाही, एवढंच तिच्या मनात आलं. पण अम्मी भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना कानाशी फोन धरून हसत होती, आपली पोर कुठेतरी लांब सुखानं असल्याची खबर आल्यासारखी. ते पाहून मेहजबीननं टोचणी गिळली. इतकंच नाही, तिनं ग्रुपवरही लिहिलं की आमच्या घरातली गोष्ट ताईंच्या हातात पडली, याहून मोठं भाग्य काय. खाली पुष्कळ बदाम आले.

गुरुवारी छापील पुस्तक लॅबच्या पत्त्यावर आलं. मेहजबीननं ते दुपारच्या सुट्टीत उघडलं आणि सवयीविरुद्ध, का कोण जाणे, शेवटची पानं आधी वाचली.

कादंबरीत पणतीची आई भित्री होती. हात लावला की पोर विझेल हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं, तिनंच मनानं घेतलं होतं. वर्षानुवर्षं ती कोनाड्यापुढे हात मागे बांधून उभी राहते. मोठी मुलगी तिला विनवते, शेजारणी टोमणे मारतात, पण तिचा धीर होत नाही. अखेर म्हातारपणी ती दोन्ही हातांनी ज्योत धरते. तळवे पोळतात, आणि तिच्या हातात जिवंत मुलगी येते, चार वर्षांचीच. मुलगी आईच्या भाजलेल्या हातांकडे बघत विचारते, “एवढंच करायचं होतं, तर इतकी वर्षं का थांबलीस?” कादंबरी तिथे संपते. लिहिलं होतं नेहमीसारखंच सुंदर. मेहजबीनच्या डोळ्यांत पाणी आलं ते आधी त्या वाक्यानं आलं, आणि मग तिला कळलं की ती काय वाचतेय.

तिनं साहेबांना तब्येतीचं सांगितलं आणि रिक्षा करून घर गाठलं. वाटेत ठरवलं की अम्मीच्या फोनमधून ते ऑडिओ काढून टाकायचं, कंपनीनं बंद केलं म्हणून सांगायचं. दार उघडंच होतं. सितारा पलंगाच्या कडेला बसली होती आणि फोन बाजूला उपडा ठेवलेला होता.

“संपलं,” ती म्हणाली.

मेहजबीन तिच्या शेजारी बसली. म्हणाली की ही कादंबरी आहे, त्यात काहीही लिहितात. त्या बाईंना काही माहीत नाही. त्यांच्या गोष्टीत डॉक्टर नव्हते, जाळी नव्हती. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच तिनं दवाखान्याचं नाव काढलं होतं. सितारा ऐकत होती की नाही कळेना.

“ती घे म्हणत होती,” सितारा म्हणाली. “मरायचीच होती, तर घ्यायला हवं होतं. तेवढं मला सुचलं नाही. त्या बाईला सुचलं.”

“अम्मी, डॉक्टरांनी सांगितलं होतं.”

“डॉक्टर तिची आई नव्हता.”

त्या दिवसापासून सितारा जेवायची, नमाज पढायची, विचारलं तर उत्तर द्यायची. पण मधूनच स्वतःचे तळवे वर करून बघत बसायची. ग्रुपवर आणि बाहेरही तोवर ते शेवटचं वाक्य जिकडेतिकडे फिरू लागलं होतं. लोक त्याची चित्रं करून टाकत होते. हात लावायला धीर लागतो, अशा अर्थाचं काहीबाही खाली लिहीत होते. आयांवर, मुलींवर, न बोललेल्या प्रेमावर. राजनंदिनीला मेहजबीननं फोनवर सगळं सांगितलं. ती रडली, म्हणाली मला माहीतच नव्हतं गं.

मेहजबीननं प्रेमलाताईंना मेसेज केला. भेटायचंय, एवढाच. त्यांनी शनिवारी बोलावलं. हडपसरहून वारजेची बस अख्खं शहर ओलांडून जाते. त्या वेळात मेहजबीननं बोलायचं काय ते मनात पुन्हा पुन्हा जुळवलं. तिला भांडायचं नव्हतं. पुढच्या आवृत्तीत शेवट बदला, निदान आईला डॉक्टरांनी मनाई केली होती असं एक वाक्य घाला, एवढं मागायचं होतं. आणि खरं सांगायचं तर, ताई काहीतरी म्हणतील ज्यानं अम्मी बरी होईल, अशीही तिला आशा होती. ज्या बाईनं बेडकिणीचं दुःख लिहिलं तिला अम्मीचं कळणार नाही असं होईलच कसं.

प्रेमलाताईंनी चहा केला. चहा घेता घेता त्यांनीच विषय काढला. “तुझं नाव आभारात घातलंय, पाहिलंस ना? कार्यशाळेतली मैत्रीण म्हणून.”

मेहजबीननं पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, “ताई, ती लोककथा नव्हती.”

आणि तिनं सांगितलं. स्टो, फ्रॉक, जाळी, मागे बांधलेले हात. अम्मीनं गोष्ट का रचली. मिसबा म्हणजे दिवा. मराठी वाक्यं तिच्या तोंडून एकामागून एक नीट बाहेर पडली, कुठे अडली नाहीत. ऐकताना प्रेमलाताईंनी कप खाली ठेवला होता. बोलणं संपल्यावर त्या उठून गॅलरीच्या दारात उभ्या राहिल्या.

“मी विचारलं होतं तुला,” त्या म्हणाल्या, “कुणाकडून आली म्हणून. आईच्या आईकडून, असं तू म्हणालीस. मग ती सगळ्यांची झाली.”

“हो. मी म्हणाले.”

“खरं माहीत असतं तरी मी लिहिली असती कदाचित. खोटं बोलत नाही तुझ्याशी. जरा वेगळी लिहिली असती.”

मेहजबीननं शेवटाचं विचारलं. त्या म्हणाल्या की दुसरी आवृत्ती छपाईला गेलीय, हिंदी अनुवाद चालू आहे, आणि तसंही तो शेवट काढला तर कादंबरीच उभी राहत नाही. अर्पणपत्रिकेत आईचं नाव घालता येईल, हवं तर बहिणीचं. मग प्रेमलाताई तिच्यासमोर येऊन बसल्या. पुढे वाकल्या. आवाज खाली आला होता, मऊ झाला होता, आणि मेहजबीनला क्षणभर वाटलं की आता त्या ते म्हणणार, ज्याच्यासाठी ती आलीय.

“एक विचारू?” त्या म्हणाल्या. “त्यांनी खरंच एकदाही हात लावला नाही? अगदी शेवटीसुद्धा? त्या वेळी त्यांचा चेहरा कसा होता, तुला आठवतं?”

त्या दुष्ट नव्हत्या. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. पण पाण्यामागे त्या बघत होत्या, टिपून घेत होत्या. मेहजबीनला ते ओळखू आलं, कारण पंचवीस वर्षं ती त्याच नजरेतून जग बघत आली होती आणि त्यालाच माया समजत होती. आठवत नाही, असं म्हणून ती उठली. दारापर्यंत सोडायला आलेल्या प्रेमलाताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. अम्मींना माझा नमस्कार सांग, म्हणाल्या.

घरी आल्यावर तिनं दुसरा मार्ग धरला. गोष्ट अम्मीची आहे, तर अम्मीची परत तिला सांगायची. जेवणं झाल्यावर ती सिताराच्या पायाशी बसली आणि लहानपणी ऐकली होती तशी, दखनीत, सांगू लागली. विस्तव विझतो, पोर निघते, राक्षसिणीचे केस विंचरते. सितारा ऐकत होती. उंबऱ्यापर्यंत सगळं नीट झालं. पोर कोनाड्यात बसली. मग मेहजबीन म्हणाली, आणि आईनं तिला हात लावला नाही, म्हणून ती कायम तेवत राहिली.

सितारानं मान हलवली. “नाही. तसं नाहीये ते,” ती म्हणाली. “आई घाबरट होती.”

“अम्मी, ते त्यांच्या पुस्तकातलं. तुझं असं नव्हतं.”

“माझं खोटं होतं. तू लहान होतीस म्हणून सांगितलं.”

मेहजबीननं तरी प्रयत्न सोडला नाही. लॅबमधून आल्यावर ती लिहायला बसायची. अम्मीची गोष्ट, तिच्या मूळ शेवटासकट, आपण लिहायची, छापायची, राजनंदिनी मदत करेल, ग्रुप वाचेल. पण पहिल्याच पानावर तिला दिसलं की वाक्यं प्रेमलाताईंची आहेत. तेच वळण, तसाच थांबा, शेवटचं क्रियापद गाळायची तीच लकब. तिनं खोडून पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. दखनीत लिहायला गेली तर ती तिला लिहिता येत नव्हती, कधी लिहिलीच नव्हती. काही आठवड्यांनी तिनं ते बंद केलं. प्रेमलाताईंची सगळी पुस्तकं तिनं एका पिशवीत भरून राजनंदिनीकडे दिली. ती ठेवून घेते म्हणाली, पण वाचणार नाही म्हणाली. ग्रुपमधून मेहजबीन बाहेर पडली तेव्हा कोणी कारण विचारलं नाही.

पावसाळा संपता संपता एका सकाळी सितारा बुरखा घालून तयार होऊन बसली आणि म्हणाली, मला मिसबाकडे घेऊन चल.

कब्रस्तानात बायका सहसा जात नाहीत. सितारा कधीच गेली नव्हती. पोरीला पुरायला मैनुद्दीन गेला होता, दर ईदला फूल ठेवायला जायचाही तोच, आणि जागा त्यालाच माहीत होती. आता तो स्वतःही तिथेच होता. फाटकाशी राखण करणाऱ्या तालिबचाचांनी दोघींकडे पाहिलं, हरकत घेतली नाही, आणि कोणाची कबर म्हणून विचारलं. मेहजबीननं सांगितलं, सीटकव्हरवाल्या मैनुद्दीन यांची चार वर्षांची मुलगी होती, त्र्याण्णव साली. तालिबचाचा म्हणाले की लहान मुलं पूर्वी त्या मागच्या भिंतीकडे ठेवायचे. पण जागा कमी, शहर एवढं वाढलं. कच्च्या कबरी काही वर्षांनी खचतात, मग त्याच मातीत दुसऱ्याला जागा देतात. तिथे आता दोन-तीन थर झाले असतील. मैनुद्दीनभाई यायचे ते अंदाजानंच फूल ठेवायचे, बेटा, मला माहीत आहे.

भिंतीकडचा तो कोपरा गवतानं भरला होता. मध्ये मध्ये नव्या कबरींचे उंचवटे, काहींवर सिमेंटची कड, नावं सगळी मोठ्या माणसांची. सिताराचे गुडघे दुखरे. तिला खाली बसता येईना. मेहजबीननं तिला दंडाला धरून हळूहळू बसवलं. सितारानं उजवा हात पसरून ओल्या मातीवर ठेवला. थोडा वेळ ठेवला, मग उचलून हातभर पलीकडे ठेवला. मग आणखी पलीकडे. मेहजबीन तिला धरून सरकत होती.

“इथे आहे का?” सितारानं विचारलं.

“हो अम्मी. इथेच.”

सितारा हात तिथेच ठेवून तिच्याकडे वळली. “तुला काय माहीत,” ती म्हणाली. रागानं म्हणाली नाही. मग पुढच्या जागेवर हात ठेवला.

ऊन चढेपर्यंत त्या तिथे होत्या. भिंतीपलीकडे सोलापूर रस्त्याची रहदारी चालू होती. कोपरा काही मोठा नव्हता, पण तो संपेना, कारण हात लावलेली जागा कुठली आणि राहिलेली कुठली हे सिताराच्या लक्षात राहत नव्हतं आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती. शेवटी तालिबचाचा पाण्याची बाटली घेऊन आले आणि हळूच म्हणाले की एक मय्यत यायचीय, आता निघा. मेहजबीननं अम्मीला उठवलं. रिक्षात बसताना तिनं तिचे हात पुसायला ओढणी पुढे केली, तर सितारानं मुठी मिटून घेतल्या.

‘कोनाड्यातली पोर’ला त्या वर्षी दोन पुरस्कार मिळाले. तिसऱ्या आवृत्तीच्या पहिल्या पानावर ‘मिसबास’ असं छापलं आहे, असं राजनंदिनीनं सांगितलं. मेहजबीननं ते पाहिलं नाही. ती आता वाचत नाही. लॅबमधून येते, स्वयंपाक करते, सिताराला वाढते. सितारा कुठलीच गोष्ट सांगत नाही. कधी मेहजबीन ताट उचलायला वाकली की सितारा तिचं मनगट धरून ठेवते, घट्ट, बराच वेळ. मेहजबीन हात सोडवून घेत नाही. पण अम्मीनं धरलंय ते आपल्याला नाही, हे तिला माहीत असतं.